अंगठा सोडा, मग बॉल सुटेल: लेदर टाकणाऱ्या पोट्ट्यांनो, या चुका टाळा

सोयाबीन निघालं की आमच्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यात पटांगणं मोकळी होतात, मॅट अंथरली जाते आणि लेदर बॉलचे सामने लागतात. त्याच सुमाराला एक तक्रारही ठरलेली. "भाऊ, टेनिसनं बराबर पडते, लेदर मात्र हातातून सुटूनच नाई राह्यला." मग कोणी रनअप बदलतो, कोणी शूज बदलतो, कोणी बॉलच खराब आहे म्हणून अंपायरकडे धाव घेतो. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहणारा अजून मला भेटायचा आहे.

अंगठ्यानं बॉल आवळणं

दहातल्या आठ पोट्ट्यांचं दुखणं हेच असतं, म्हणून याच्यावर जरा जास्त बोलतो.

आधी बॉल धरायचा कसा ते पाहा. पहिलं आणि मधलं बोट सीमच्या (बॉलच्या मधोमध असलेल्या टाक्यांच्या शिवणीच्या) दोन्ही बाजूंना, मध्ये जेमतेम पेन्सिल मावेल एवढी फट. अंगठा खाली, सीमवर. त्याचं पोट सपाट टेकवायचं नाही, कड टेकवायची. अनामिका दुमडून बाजूला, करंगळी रिकामी. बॉल आणि तळवा यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे.

अंगठ्याचं काम फक्त टेकूचं. बैलगाडी उभी करून ठेवताना जुवाखाली टेकू लावतो ना, तसं. गाडी हाकायची झाली की आधी टेकू निघतो, मग बैल पाऊल उचलतात. इथंही आधी अंगठा सुटतो. बॉल सगळ्यात शेवटी सुटतो तो दोन बोटांच्या शेंड्यांवरून, आणि सुटता सुटता त्याला मागच्या बाजूची फिरकी लागते. त्या फिरकीच्या जोरावर सीम हवेत उभी राहते. अंगठा उशिरा सुटला की फिरकी बिघडते, सीम लोळते आणि बॉल आखूड पडतो.

पटत नसेल तर आत्ताच रिकाम्या हातानं करून पाहा. अंगठ्याचं पोट दोन बोटांवर घट्ट दाबा आणि मनगट मागं-पुढं करा. मग अंगठा सैल सोडून तेच करा. फरक मला सांगावा लागणार नाही.

टेनिसवाल्यांना ही खोड का लागते तेही उघड आहे. टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, मऊ. दाबला की दबतो. लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीन पट जड, आणि जराही दबत नाही. जड वस्तू हातात आली की माणूस ती आवळतो. हातातून निसटेल अशी भीती वाटते. पण बॉलिंगमध्ये ती निसटायलाच हवी असते.

आमच्या बाजूचा एक पोट्टा होता. टेनिसच्या खुल्या सामन्यांत त्याच्या यॉर्करला पंचक्रोशीत मागणी. लोक गाडी पाठवून न्यायचे. तालुक्याच्या लेदर स्पर्धेत एका संघानं त्याला थेट नवा बॉल दिला. नेट नाही, सराव नाही, आदल्या रात्री फोन करून बोलावलेलं. पहिला बॉल अर्ध्या पिचवर आपटला. दुसरा त्याहून आखूड. सीमेवरून सल्ले सुरू: "खांदा उघडते त्याचा!" "रनअप कमी कर बे!" त्यानं चिडून बॉल लवकर सोडायचा प्रयत्न केला आणि तो सरळ बॅट्समनच्या डोक्याच्या रोखानं गेला. पूर्ण संघात मिळून दोन हेल्मेट, त्यातलं एक नशिबानं त्याच बॅट्समनच्या डोक्यावर होतं. नो बॉल, आणि अंपायरची ताकीद. पुढच्या ओव्हरमध्ये पुन्हा तसाच एक गेला. नियम स्पष्ट आहे: टप्पा न पडता कमरेच्या वर गेलेला बॉल हा नो बॉल, आणि अंपायरला तो धोकादायक वाटला तर पहिली ताकीद तीच शेवटची. दुसऱ्यांदा झालं की त्या डावात बॉलिंग बंद. अंपायरनं त्याला बाजूला केलं. त्याचे मित्र अंपायरच्या नावानं बोंबलत बसले, आणि हा झाडाखाली एकटाच आपला हात पाहत बसला.

मीही हात पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात सीमचे टाके उमटले होते, लालभडक. बॉल शेंड्यांवर नव्हताच. बेचक्यात खोल रुतवून, अंगठा बाजूनं वळवून त्यानं तो मुठीत घेतला होता. अशा हातातून बॉल वेळेवर सुटेलच कसा? आवळला की उशिरा सुटून आखूड, जोर लावून झटकला की फुलटॉस, म्हणजे टप्पाच नाही. खांद्याचा आणि रनअपचा इथं काही संबंधच नव्हता.

त्याच्यावर केलं तेच सगळ्यांवर करतो. माझ्याकडे पोळ्याचा शिंगाचा रंग उरलेला असतो. जुन्या बॉलची सीमच्या एका बाजूची अर्धी कवटी त्यानं रंगवायची, नीट वाळू द्यायची. मग उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढं (डावरे असाल तर उलट), आणि दहा-बारा पावलांवरच्या जोडीदाराकडे नुसत्या मनगटानं टाकायचा. एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला रंग नाही, असा बॉल गेला तर सीम सरळ. रंग लुकलुकत गेला तर अंगठा अजून चिकटलेला आहे. रनअप नाही, वेग नाही, फोटो नाही. पोट्टे दोन दिवसांत कंटाळतात. ज्यांना कंटाळा येतो त्यांना मी थांबवत नाही; टेनिसचे सामने बारा महिने असतातच.

रात्री बाजेवर उताणं पडून तोच बॉल दोन बोटांनी वर उडवायचा आणि सीम उभी राहते का पाहायचं, हीही माझी आवडती सवय. एकदा नाकावर पडला की लक्ष आपोआप लागतं.

तो पोट्टा आता तालुक्याच्या संघातून नीट खेळतो. राग आला की अजून आवळतो, ते चौकारानंतरच्या बॉलवर लगेच कळतं.

"भाऊ, हा वॉबल सीम आहे"

मोबाइलवर रील पाहून आलेल्यांची ही नवी सबब. सीम लोळत गेली की म्हणायचं, मुद्दामच टाकला. वॉबल सीम खरंच असतो. बोटं सीमवर थोडी फाकवून, पकड जरा ढिली करून सीम डुलती ठेवतात, म्हणजे टप्पा पडून बॉल कुठं वळेल ते बॅट्समनला कळत नाही. पण मनगट तेच, अंगठा तसाच सैल. ज्याला सीम सरळ टाकता येते त्यानंच ती मुद्दाम डुलवावी. तुमची डुलत नाही, लोळते आहे.

आणि वेगाचं वेड जरा बाजूला ठेवा. २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेऊन विदर्भाला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा रजनीश गुरबानी काही तुफान वेगाचा बॉलर नव्हे. स्विंग टाकणारा, सीमवर जगणारा. उजव्या हाताच्या बॅट्समनला आउटस्विंग (हवेत त्याच्यापासून बाहेर वळणारा) टाकायचा तर सीम स्लिपकडे कललेली, चकचकीत बाजू लेगकडे. एवढं पाठ असूनही बॉल सरळ जात असेल तर पुन्हा वरचा भाग वाचा.

याला जोडून उमेश यादवचा दाखला हमखास येतो. "तोही तर वीस वर्षांचा होईस्तोवर टेनिसच खेळे!" बरोबर. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला पोट्टा उशिरा लेदरवर आला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. पण २००८ च्या रणजी पदार्पणापासून कसोटीपर्यंत मध्ये तीन वर्षं गेली. तुम्ही मला तीन रविवार देत नाही.

डिंक, टेप आणि इतर अक्कलहुशारी

थंडीत हात कोरडे पडतात, बॉल निसटतो, म्हणून बाभळीचा डिंक अंगठ्याला लावणारे पोट्टे मी पाहिले आहेत. जो अंगठा आधी सुटायला हवा त्यालाच हे चिकटवतात! शिवाय बॉलला कृत्रिम पदार्थ लावणं नियमबाह्य आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या क्लबच्या) नियमांत थुंकी लावायलाही बंदी आहे, घाम चालतो. बोटाला पट्टी बांधायची तर आधी अंपायरला विचारा.

डे-नाईट सामन्यात दव पडलं तर खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बॉल आणि बोटं दोन्ही पुसा. काळ्या मातीत हात घासू नका. घामाशी ती चिकण होते आणि टाक्यांत जाऊन बसते.

लहान हातात मोठा बॉल

हा दोष पोरांचा नाही, मोठ्यांचा. तेरा वर्षांखालच्यांसाठी वेगळा बॉल असतो: १३३ ते १४४ ग्रॅम, घेर २०.५ ते २२ सेंटिमीटर. महिलांच्या क्रिकेटचा १४० ते १५१ ग्रॅमचा. पुरुषांच्या बॉलचा घेर २२.४ ते २२.९. लहान पोराच्या हातात तो दिला की अंगठा खाली सीमपर्यंत पोचतच नाही. मग पोरगं बॉल तळव्यात घेतं आणि ती सवय दाढी आली तरी जात नाही. "मोठ्याच बॉलनं शिकू द्या, मजबूत होईल" म्हणणारे बाप दरवर्षी भेटतात. दुकानातून छोटा बॉल आणा म्हटलं की तेच बाप पैशाचं गाऱ्हाणं सांगतात, आणि संध्याकाळी त्यांच्याच बाइकवर नवं सीट कव्हर दिसतं.

बाकीच्या, पटापट

कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतील तर त्या दिवशी नव्या बॉलनं टाकू नका. कातडी फाटली की हात नकळत पकड बदलतो, आणि बदललेली पकड जखम भरल्यावरही राहते.

अंगठ्याच्या कडेला घट्टा पडला तर ब्लेडनं सोलू नका. कोमट पाण्यात भिजवून वजरीनं हलकं घासा. खोबरेल रात्री लावा; सामन्याच्या सकाळी लावून येणाऱ्याला मी बॉल देत नाही.

नखं कापा. सीमवर अडकलेलं नख तुटलं की काय होतं ते एकदा पाहिलं की पुरे.

स्पिनरनो, तुमचा अंगठा तर जवळपास बेकार आहे. ऑफस्पिन पहिलं बोट फिरवतं, लेगस्पिन अनामिका. अंगठा नुसता टेकलेला, नाही टेकला तरी चालतो. २०२४-२५ च्या मोसमात विदर्भाचा डावरा स्पिनर हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातल्या बळींचा विक्रम केला, तेव्हापासून गावोगाव डावरे स्पिनर उगवले आहेत. सगळ्यांना आधी आर्म बॉल (न वळता सरळ जाणारा) शिकायचा आहे. आधी वळवा तर खरं.

अंगठा अडकला की काही जण कोपराच्या झटक्यानं बॉल बाहेर काढतात. आयसीसीनं कोपर सरळ व्हायला १५ अंशांची मोकळीक ठेवली आहे, पण ती प्रयोगशाळेत मोजतात. गावच्या अंपायरकडे कोनमापक नसतो. त्याला डोळ्यानं थ्रो दिसला की तो नो बॉल देतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.