साइटचं टेस्टिंग आणि डिप्लॉय ऑटोमॅटिक करताय? या चुका टाळा

आपण मालवण-देवगडकडे बसून होमस्टेचं बुकिंग, हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, तारकर्लीच्या स्कूबाचं बुकिंग अशा साइट्स बनवतो, आणि जूनमध्ये वारा सुटला की लाइट जाते, लाइटच्या मागोमाग नेट जातं. डिप्लॉय, म्हणजे साइट सर्व्हरवर चढवणं, लॅपटॉपवरून चालू असेल तर मधेच अडकतं. माझं एकदा असंच झालं, निम्म्या फाइल्स नव्या निम्म्या जुन्या, साइट पांढरी, आणि नेट आलं ते चार तासांनी, तोवर होमस्टेवाल्या काकांना लोकांचे फोनवर फोन. त्यामुळे सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो, डिप्लॉय आपल्या मशीनवरून करणं. आपण फक्त कोड पुश करायचा, काही केबींचं काम, पुढचं टेस्ट-बिल्ड-अपलोड गिटहब ॲक्शन्सच्या नाहीतर गिटलॅबच्या मशीनवर आपोआप होऊ दे, यालाच सीआय म्हणतात. आणि सर्व्हरवरच्या चालू फोल्डरमध्येच फाइल्स ओतू नका. दर रिलीजला नवीन फोल्डर, सगळं पोचलं की शेवटी सिमलिंक (चालू फोल्डर कोणता ते दाखवणारा शॉर्टकट) तिकडे वळवायची, म्हणजे मधे तुटलं तरी जुनी साइट चालू राहते. वळवल्यावर नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर डिप्लॉय हिरवा दिसतो आणि चालतो जुनाच कोड.

आता तारखांचं. यात भलेभले फसतात म्हणून नीट सांगतो. सीआयचं मशीन यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष-महिना-दिवस देऊन 12 मेची तारीख बनवली की ती गिऱ्हाइकाच्या फोनवर भारतातल्या रात्री 12 ची बनते, मग टू-आयएसओ-स्ट्रिंग करून सर्व्हरला पाठवली की यूटीसीत ती होते 11 मे, संध्याकाळी 6:30, आणि वेळ कापून नुसती तारीख ठेवली की बुकिंग एक दिवस आधीचं पडतं! टेस्टमध्ये मात्र काहीच दिसत नाही, कारण तिथलं लोकल टाइमही यूटीसीच आहे. सगळ्या टेस्ट पास, आणि चाकरमानी कुटुंबाला घेऊन दारात उभा तेव्हा खोली आदल्याच दिवशीची. उपाय सोपा आहे: चेक-इनची तारीख वेळेशिवाय साध्या स्ट्रिंगमध्येच ठेवा, आणि टेस्ट दोनदा चालवा, एकदा टीझेड (टाइमझोन ठरवणारं) व्हेरिएबल यूटीसी ठेवून, एकदा एशिया/कोलकाता ठेवून. याच घोळातली छोटी गोष्ट, गिटहब ॲक्शन्सच्या शेड्यूलमध्ये टाइमझोन दिला नसेल तर तो यूटीसी धरला जातो, म्हणजे रात्री 2 चा बॅकअप हवा असेल तर आदल्या दिवशीचे 20:30 लिहायचे.

"माझ्याकडे चालतं, सीआयवर फेल जातं" असं झालं तर आधी फाइलच्या नावांची स्पेलिंग बघा. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. मग नोडचं व्हर्जन दोन्हीकडे एकच आहे का ते. आणि सीआयवर पॅकेजेस घालायला एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय ही कमांड वापरा, ती लॉक फाइलमध्ये (पॅकेजेसच्या नेमक्या व्हर्जनच्या यादीत) आहे तेच घालते आणि जुळत नसेल तर सरळ एरर देते. लॉक फाइल कमिट केलेली हवी हे वेगळं सांगायला नको.

कधी पास कधी फेल होणारी टेस्ट पुन्हा रन करून पुढे जाऊ नका हो, महिनाभरात लाल रंगाकडे कोणी बघेनासं होतं. बहुतेक वेळा आत ठरावीक सेकंद थांबायचं लिहिलेलं असतं, त्याऐवजी बटण दिसेपर्यंत थांबायला सांगा.

पेमेंट गेटवेची गुप्त की (key) चुकून रेपोत, म्हणजे कोडच्या गिट साठ्यात, गेली तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती हिस्टरीत तशीच राहते. आधी गेटवेवर ती की रद्द करून नवीन घ्या, बाकी साफसफाई नंतर, आणि नवीन की सीआयच्या सीक्रेट्समध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या गुप्त कप्प्यात ठेवा.

डेटाबेसमध्ये एकाच डिप्लॉयला कॉलमचं नाव बदलू नका. आधी नवीन कॉलम घाला, मग दोन्हीत लिहिणारा कोड सोडा, जुना डेटा भरून घ्या, वाचणं नवीनवर न्या, आणि काही दिवस नीट गेले की मग जुना काढा. वेळ जातो हे खरं, पण नाव एकदम बदललं तर मागे जायची वाटच बंद होते, कारण जुना कोड जुना कॉलम शोधत बसतो.

आणि हे मागे जाणं, रोलबॅक, कधी करून बघितलंय का? पाऊस यायच्या आधी आपण घर शाकारून घेतो तसं हे मे महिन्यातच करून घ्यावं. साधारण शेवटची पाच रिलीज फोल्डर ठेवा, सिमलिंक मागच्यावर वळवा, प्रोसेस रीस्टार्ट करा, साइट उघडून एक खोटं बुकिंग टाका, किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मी ही कमांड ॲक्शन्समध्ये बटणावर ठेवली आहे, लाइट नसली तरी फोनवरून दाबता येते, कणकवलीला जाताना जिथे रेंज मिळेल तिथून.