दातांना तार लावायची? आधी कापसाची वेचणी कधी ते सांगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. मी बीडीएस, म्हणजे दातांचा साधा डॉक्टर. तार मी लावत नाही, त्यासाठी नागपूरहून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ, महिन्यातून दोनदा येतात. पण मधल्या दिवसांत जे तुटतं, टोचतं, सुटतं, ते माझ्याच दारात येतं. दरवर्षी तेच ते.

माझ्या सगळ्यात रागाची चूक म्हणजे तार लावून गायब होणं. हे काम साधारण १८ ते २४ महिने चालतं आणि दर ४ ते ६ आठवड्यांनी दाखवावं लागतं. एका नववीतल्या पोराला जूनमध्ये तार लागली. दोनदा आला. मग सोयाबीन निघालं, मग कापूस, आणि पोरगा थेट संक्रांतीनंतर उगवला. चार ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे, सुटून तारेवर लोंबत होते. टोचणारं टोक त्यानं घरच्या पकडीनं कापलं होतं. हिरड्या सुजून उरलेल्या ब्रॅकेटवर चढल्या होत्या आणि सुळा भलतीकडेच फिरला होता. बाप म्हणाला, "दुखत नव्हतं जी त्याले, त म्हटलं सारं बराबर चालू हाये." दुखत नाही म्हणून चालू आहे, हेच तर फसवं असतं! रबराच्या कड्यांचा ताण काही आठवड्यांत मरतो म्हणून दुखत नाही, पण सुटक्या दाताला तारेचा धरबंध राहत नाही. ब्रॅकेट काढले तर त्यांच्या कडेनं दातांवर खडूसारखे पांढरे डाग. ते कायमचेच राहिले.

तेव्हापासून मी आधी वेचणीचंच विचारतो. कापूसवाल्या घरी होळीनंतरच सुरुवात करा म्हणतो. पुढची तारीख बाजाराच्या दिवसाची देतो, म्हणजे एसटीच्या एका फेरीत दोन्ही कामं होतात. शास्त्र नाही हे, माझी सवय आहे.

डॉक्टर निवडताना लोक फक्त पैसे विचारतात. आधी एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स आहे का ते विचारा. बीडीएसनंतरचा हा तीन वर्षांचा अभ्यास असतो. मग दुसरा प्रश्न: मधेच तार टोचली तर जवळ कोण बघेल? नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळचं सावंगी मेघे, अमरावती इथल्या दंत महाविद्यालयांत खर्च कमी पडतो. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीत काम करतात. मात्र ते शिकून बाहेर पडले की तुमचा कागद दुसऱ्याच्या हाती जातो, वेळही लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी तिकडे जाऊन कुरकुर करू नये. आणि 'सहा महिन्यांत गॅरंटी' म्हणणाऱ्याकडे तर बिलकूल जाऊ नये.

मोबाइलवर बघून समोरच्या दोन दातांना रबर बँड अडकवणं हा सगळ्यात घातक प्रकार. रबर घसरत हिरडीत शिरतं आणि मुळाभोवतीचं हाड खातं. चांगले दात हलून पडतात.

टोचतंय? तारेवर लावायचं खास मेण लावा. ते नसेल तर पेन्सिलीच्या धुतलेल्या खोडरबरानं टोक हलकेच दातालगत दाबा. पकड, नेलकटर दूर ठेवा, कापलेला तुकडा घशात गेला म्हणजे? ब्रॅकेट सुटला तर जपून आणा. फेविक्विकनं चिकटवून आलेले मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

फुटाणे, ऊस, चिक्की बंद. पेरूच्या फोडी करून खा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्याला मी तार लावूच देत नाही. आधी तो सोड म्हणतो.

पहिले तीन-चार दिवस ठणकतं. खिचडी खा, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. दुसऱ्याच दिवशी "काढून टाका" म्हणत येऊ नका.

शेवटची चूक होते ती तार निघाल्यावर. रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा काढता-घालता येणारा साचा, घालायचा लोक कंटाळा करतात, मग दात पुन्हा जुन्या जागी सरकतात. एका पोरीनं लग्नाच्या पंगतीत तो काढून कागदी रुमालात गुंडाळला आणि पत्रावळीशेजारी ठेवला. वाढप्यानं पत्रावळीसकट उचलून टाकला. घरी बोलणी बसतील म्हणून ती तीन महिने गप्प राहिली, तोवर समोरची फट परत उघडली होती. रिटेनरची डबी हरवली असेल तर साबणाची नवी डबी घ्या. ती बाजारात कुठंही मिळते.