पालेभाजीतील कॅल्शियम अंगी लागावे म्हणून

कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत पालक, मेथी, पोकळा, शेपू यांच्या पेंड्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि हाडांसाठी म्हणून बहुतेक हात पालकाकडे वळतात. पालकाच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरे, परंतु त्याच पानांतील ऑक्झॅलेट (वनस्पतींत नैसर्गिकपणे असणारा एक घटक) त्याला घट्ट बांधून ठेवत असल्यामुळे त्यातील साधारण ५ टक्केच, म्हणजे जेमतेम ५ मिलिग्रॅम, शरीराला मिळते. दुधातील कॅल्शियम सुमारे ३० टक्के शोषले जाते. प्रौढ माणसाची शिफारस केलेली रोजची गरज १००० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेऊनच भाजी निवडावी.

कॅल्शियमसाठी मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला आणि मोहरीची पाने अधिक उपयोगी आहेत. मुळा घेताना विक्रेत्याला पाला खुडून टाकू देऊ नये. मुळ्यापेक्षा त्या पाल्यात कितीतरी अधिक कॅल्शियम असते आणि मुगाची डाळ घालून त्याची परतून केलेली भाजी भाकरीबरोबर उत्तम लागते. चुका, पोकळा, चाकवत आणि अळू यांत मात्र पालकाप्रमाणेच ऑक्झॅलेट भरपूर असते. म्हणून या भाज्या सोडून द्याव्यात असे मुळीच नाही, कारण फोलेट (एक 'बी' जीवनसत्त्व), बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर जीवनसत्त्व 'ए' बनवते) आणि जीवनसत्त्व 'के' यांसाठी त्या मोलाच्या आहेत. केवळ कॅल्शियमची भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

भाजी आधी निवडावी, मोठ्या पातेल्यात दोन-तीन पाण्यांतून धुवावी आणि मगच चिरावी. चिरून धुतल्यास फोलेट आणि जीवनसत्त्व 'सी' पाण्याबरोबर निघून जातात. याच कारणासाठी मेथी मीठ लावून पिळू नये आणि भाजी थोड्याच पाण्यात, झाकण ठेवून, लवकर शिजवावी. लसणाची तेलातील फोडणी आवश्यक आहे, कारण बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व 'के' स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जातात.

ज्यांना ऑक्झॅलेटचे मूतखडे होतात, त्यांनी मात्र पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि त्याच जेवणात दही घ्यावे. पाण्यात विरघळणारे ऑक्झॅलेट त्यामुळे बरेच कमी होते आणि उरलेले दह्यातील कॅल्शियमशी आतड्यातच बांधले जाऊन बाहेर पडते. आधीच बांधले गेलेले कॅल्शियम उकळल्याने मोकळे होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

लोहासाठी भाजी खाणाऱ्यांनी तिच्यावर लिंबू पिळावे, जेवणानंतर किमान तासभर चहा टाळावा आणि दूध-दही वेगळ्या वेळी घ्यावे, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. कॅल्शियमची मोठी भर दूध, दही, तीळ आणि नाचणी यांतूनच घालावी लागते. गगनबावडा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतील नाचणीची भाकरी शहरातल्या ताटातही नियमाने यावी, असे मला मनापासून वाटते.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये वा बंदही करू नये, कारण त्यांतील जीवनसत्त्व 'के' या औषधाच्या विरुद्ध काम करते. आठवड्यागणिक ते साधारण सारखे ठेवावे आणि त्यात बदल करायचा असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे.