कानातली शिट्टी आणि चष्म्याची काडी

वरळीच्या रेंजवर पॉइंट टू टू रायफल चालवून लोकलने घरी पोचलो, तरी लांब कुठेतरी कुकरची शिट्टी होतेय असं वाटत राहायचं. बरं, कान झाकणारे इअरमफ तर लावलेले असायचे.

न्यूझीलंडमधल्या आतेभावाला सांगितलं, तर म्हणाला, "सप्रेसर लाव की!" म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा सायलेन्सर. तो भाऊ तिकडे लाल हरणाच्या शिकारीला जातो, तिथे ते कायदेशीर आहे. पण सिनेमातल्यासारखं 'फुस्स' काही होत नाही म्हणे. मोठ्या रायफलचा १६० डेसिबलच्या आसपासचा दणका साधारण २० ते ३० ने उतरतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तसाच राहतो. शिवाय नळीच्या टोकाला वजन आलं की गोळी भलतीकडे लागते, झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा मेळ, पुन्हा करावं लागतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आहे १९७२ चा, आणि सायलेन्सरचं तर नावही काढू नये.

माझी खोट निघाली चष्म्यात. जाड काडीमुळे मफची गादी कानामागे उचलली जायची, बोटाचं नख सहज आत जाई. आता बारीक तारेच्या काडीचा चष्मा, आणि मफच्या आत फोमचे बोळे. बोळा चिमटीत वळून अगदी बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. मी आधी नुसता टेकवायचो, बाटलीच्या तोंडाला बूच लावल्यासारखा.

चौथ्या रविवारी दादरपर्यंत शिट्टी नव्हती. सरांच्या सूचना मात्र आता ऐकू येत नाहीत, ते खांद्यावर थापटतात.