लांब रन लावण्याआधीची तयारी: मशीन मध्येच हँग होत असेल तर

सेन्सरची वाचनं सतत घेऊन डिस्कवर लिहायची, असं तासाभराचं मोजमाप (म्हणजेच रन) कुठल्याही कॉम्प्युटरवर निभतं. तेच आठ-दहा दिवस सलग चालवायचं म्हटलं की तोच कॉम्प्युटर एखाद्या रात्री हँग होतो आणि सकाळी थिजलेली स्क्रीन समोर येते. त्याहून जास्त त्रास असा, की कारणाचा मागमूसही उरलेला नसतो. म्हणून ही तयारी दोन हेतूंनी करायची: शक्यतो मशीन हँग होऊ नये, आणि झालंच तर पुरावा ठेवून व्हावं. पहिला हेतू कधीच शंभर टक्के साधत नाही, त्यामुळे मी दुसऱ्याला जास्त वजन देतो.

तेव्हा सुरुवात नोंदींपासून. तुमच्या प्रोग्रामने दर मिनिटाला एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी: वेळ, आतापर्यंतचे सॅम्पल (म्हणजे घेतलेली वाचनं), बफर (डिस्कवर जाण्याआधी वाचनं थांबतात ती मेमरीतली जागा) किती भरला आहे, प्रोग्रामने किती मेमरी घेतली आहे, डिस्कवर किती जागा उरली आहे, प्रोसेसरचं तापमान किती आहे. जमलं तर ही ओळ नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडेही पाठवा. डिस्कच अडकली तर तिच्यावरचा लॉगही त्याच क्षणी थांबतो, आणि नेमकी हवी ती ओळ मिळत नाही. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटर हे काम फुकटात करतो. त्यात प्रायव्हेट बाइट्स (प्रोग्रामने स्वतःसाठी घेतलेली मेमरी), हँडल काउंट (त्याने उघडून ठेवलेल्या फाइल वगैरेंची संख्या) आणि नॉनपेज्ड पूल (कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, कायम रॅममध्ये राहणारी मेमरी) हे तीन काउंटर हमखास घ्या. स्क्रीनवर सेकंदांसकट घड्याळ ठेवा, म्हणजे डिस्प्ले कितीला थिजला ते नंतर वाचता येतं.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटर असाच अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला होता. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी प्राधान्याचं काम एक म्युटेक्स (एका वेळी एकाच कामाला मिळणारं कुलूप) धरून बसायचं, मधल्या प्राधान्याची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्या म्युटेक्ससाठी ताटकळायचं; ते वेळेत झालं नाही की रीसेट. इतक्या लांबून हे उलगडलं, कारण घटनाक्रम टिपण्याची सोय इंजिनिअरांनी उड्डाणाआधी सॉफ्टवेअरमधून काढून टाकली नव्हती. ‘डीबगचा लॉग आता कशाला’ असं कुणी म्हणालं की मला हे यान आठवतं.

आता वीज वाचवणाऱ्या सेटिंग. स्लीप आणि हायबरनेट सगळेच बंद करतात आणि तिथेच थांबतात. खरा घोळ त्याच्या खालच्या थरात असतो. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट आणि हार्ड डिस्क ठराविक मिनिटांनी थांबवणं, ही तिन्ही बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं का, असा एक चौकोन असतो. त्यातली खूण काढा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काहीही होऊ नये असं ठेवा. विंडोजचे अ‍ॅक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचेच ठेवता येतात, म्हणजे उरलेल्या सहा तासांत अपडेट मशीन रीस्टार्ट करू शकतं. त्यामुळे रनपुरते अपडेट पॉज करा. आणि रन लावण्याआधी मशीन बंद करून चालू करू नका, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शटडाउन’मध्ये कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि जुनं दुखणं तसंच परत येतं.

एक विचित्र प्रकार वेगळा सांगायला हवा. काही मशीन भाराखाली अगदी ठणठणीत असतात आणि रिकामी बसली की हँग होतात. प्रोसेसर खोल सी-स्टेटमध्ये, म्हणजे वीज वाचवण्याच्या गाढ झोपेत, जातो आणि तिथून धड बाहेर येत नाही. लिनक्सवर इंटेलच्या बे ट्रेल चिप आणि सुरुवातीचे रायझन यासाठी बरेच बदनाम झाले. सेकंदाला दहा वाचनं घेणारा रन म्हणजे प्रोसेसरसाठी जवळजवळ सुट्टीच, त्यामुळे हे दुखणं नेमकं आपल्या वाट्याला येतं आणि स्ट्रेस टेस्टमध्ये कधीच पकडलं जात नाही. उपाय बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, आहे: खोल सी-स्टेट बंद करा. रायझनच्या बऱ्याच बोर्डांवर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असतो, तो ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवा. त्याच फेरीत रॅमचा एक्सएमपी प्रोफाइलही (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम एक अख्खी रात्र चालू द्या. एकच पास पुरत नाही.

मग कागद-पेन्सिल. आठ चॅनल, प्रत्येकी सेकंदाला एक लाख सॅम्पल, सॅम्पलला दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १.६ एमबी आणि दिवसाला सुमारे १३८ जीबी. डिस्क फॅट-३२ या जुन्या फाइल-पद्धतीची असेल तर ४ जीबीची एका फाइलची मर्यादा पाऊण तासात गाठली जाते. डिस्कचा सरासरी वेग बहुधा पुरतो; घात करतात ते मधले खंड. एसएमआर प्रकारची (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) हार्ड डिस्क किंवा कॅश संपलेली स्वस्त एसएसडी आतली आवराआवर करताना काही वेळ लिहिणं जवळजवळ थांबवू शकते. याच वेगाला तीस सेकंदांचा बफर म्हणजे जेमतेम ४८ एमबी. तो कंजुषी न करता द्या. वाचन आणि लेखन वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यांवर, ठेवा. डेटाचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा आणि क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर तो कधीच ठेवू नका. डिस्कचं स्मार्ट वाचन (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) घ्या: ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला, १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो.

प्रोग्रामच्या बाजूने, फाइल दर तासाला बंद करून नवी उघडा, म्हणजे गेलाच तर एक तास जाईल. चालू आलेख सगळा इतिहास मेमरीत धरून बसत नाही ना, ते बघा. विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामला एरवी २ जीबीच मेमरी मिळते. मिलिसेकंद मोजणारा ३२-बिटचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो आणि चिन्हासकटचा असेल तर २४.८ दिवसांनी उलटून ऋण होतो. लांब रनमध्ये हे पुस्तकी राहत नाही. आणि कन्सोलच्या खिडकीतला क्विक एडिट बंद करा. तो चालू असताना खिडकीत नुसती एक क्लिक झाली तरी मजकूर निवडण्याची अवस्था सुरू होते आणि पुढची ओळ छापायला गेलेला प्रोग्राम तिथेच उभा राहतो. टेबल पुसणाऱ्याचा हात माऊसला लागतो आणि आपण ड्रायव्हर बदलत बसतो.

तारांबद्दल थोडक्यात: हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असावा, यूएसबी २ ची केबल पाच मीटरच्या आत असावी आणि जवळपास मोटर किंवा रिले असेल तर मध्ये आयसोलेटर (विजेची थेट जोडणी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारं उपकरण) लावावा. यूपीएस लागतोच.

हे सगळं करूनही मशीन थिजलेलं सापडलं तर लगेच पॉवरचं बटण दाबू नका. आधी स्क्रीनचा फोटो काढा. कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का पाहा. बदलला तर कर्नल बहुधा जिवंत आहे. दुसऱ्या मशीनवरून पिंग करा, म्हणजे नेटवर्कवर हे मशीन उत्तर देतं का ते पाहा. पिंग लागतंय आणि मिनिटाच्या ओळीही येताहेत, तर फक्त डिस्प्ले गेला आहे, रनला हात लावू नका. ओळी बंद असतील तर उजवा कंट्रोल धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबा, डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची फाइल, तयार होईल. मात्र त्यासाठी रजिस्ट्रीतली ‘क्रॅश ऑन कंट्रोल स्क्रोल’ (CrashOnCtrlScroll) ही नोंद आधीच चालू करून रीस्टार्ट केलेलं असायला हवं. नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगते, तिला कारण समजू नका. तिच्या आधीच्या ओळींत १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर डिस्क आणि तिची जोडणी तपासा, व्हीआ-लॉगर (WHEA-Logger) दिसला तर हार्डवेअर. लिनक्सवर आधीच्या बूटचा जर्नल (सिस्टिमचा लॉग) बघा.

यानंतर एका वेळी एकच बदल करा. मशीन सरासरी दोन दिवसांतून एकदा, पण कधीही, हँग होत असेल, तर काहीच न बदलताही एक दिवस शांत जाण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास असते. बदल लागू पडला असं म्हणायला सरासरीच्या तिप्पट, म्हणजे इथे सहा दिवस, अखंड चाललं पाहिजे. तेवढं नुसत्या नशिबाने चालण्याची शक्यता पाच टक्के. तोवर महत्त्वाचा रन दुसऱ्या मशीनवर लावा.