शेळी जगते, करडं मरतात: पाच-दहा शेळ्या पाळणाऱ्यांनी या चुका टाळा

उस्मानाबादी शेळीचं कागदावरचं गणित सगळ्यांना तोंडपाठ असतं. दोन वर्षांत तीन वेतं, दर वेताला दीड करडू धरलं तरी दहा शेळ्यांची ४५ करडं. धाराशिव, लातूर, बीडकडे ही शेळी शेकडो वर्षं जगत आली आहे आणि तिला जुळी होतात हेही खरं. पण दोन वर्षांनी त्याच घरात जाऊन विचारलं की किती करडं विकली, तर आकडा निम्म्यावरही नसतो. बाकीची करडं पहिल्या आठवड्यात, पहिल्या पावसात किंवा जंतांनी गेलेली असतात. शेळीपालन तोट्यात जातं ते इथे. म्हणून या लेखात शेडच्या नकाशापेक्षा करडांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पैसा शेडमध्ये, चाऱ्याला काहीच नाही

कर्जाची किंवा योजनेची मंजुरी आली की पहिलं काम सिमेंटचं होतं. पत्रे, लोखंडी अँगल, फरशी. मोठ्या शेळीला सावलीची १० ते १२ चौरस फूट जागा आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार एवढंच लागतं. मुरमाची कोरडी जमीन, पूर्व-पश्चिम लांबी आणि वारा खेळता असला की कुडाच्या किंवा गवताच्या छपरातही शेळ्या उत्तम राहतात. चारी बाजूंनी बंद केलेल्या शेडमध्ये मात्र मुताचा उग्र वास कोंडतो आणि करडं खोकायला लागतात. सकाळी दार उघडताना तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल, तर रात्रभर करडांच्या फुप्फुसाचं काय झालं असेल ते समजून घ्या.

चाऱ्याचा हिशोब सोपा आहे, पण तो शेळ्या आणण्याआधी करायचा. एका शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा चारा आणि किलोभर वाळलेला. दहा शेळ्यांना दिवसाला ३० ते ४० किलो हिरवं लागणार. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा आणि सुबाभूळ लावा, पाणी असेल तर चार गुंठे दशरथ घास किंवा मेथीघास. फक्त सुबाभूळच रोज पोटभर देऊ नका, तिच्यातलं मायमोसिन हे विषारी द्रव्य बाधतं. एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठीक. आणि मळणी झाल्यावर तूर-हरभऱ्याचं भुसकट पेटवून देणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की शेळीसाठी उन्हाळ्यातला याहून चांगला कोरडा चारा तुम्हाला विकत मिळणार नाही.

चारा जमिनीवर टाकणं ही छोटी वाटणारी, पण रोजची नासाडी. तुडवलेलं, लेंड्या पडलेलं शेळी खात नाही. पेंढी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीला टांगा.

बाजारातून एकदम दहा शेळ्या

आठवडी बाजारात दहा गावांची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी असतात. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा आजार असाच टेम्पोतून गावात येतो. शक्यतो गोठ्यावरून, आई आणि जुळं बहीण-भावंड बघून पाटी (तरुण माद्या) घ्या. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवरही पैदाशीची जनावरं मिळतात. कुठूनही आणा, पण नवीन जनावर तीन आठवडे जुन्या कळपापासून वेगळं बांधा. त्यांची गव्हाण आणि पाण्याचं भांडंही वेगळं.

जात निवडताना आपला मुलूख बघा. मराठवाड्यात उस्मानाबादी, नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गाच्या पावसात कोकण कन्याळ. दुरून आणलेल्या उंचपुऱ्या जातींची किंमत व्हिडिओ पाहून ठरते आणि त्यांचा खुराक आपल्या खिशाला झेपत नाही. बोकड मात्र बाहेरच्या कळपातला हवा आणि दर दोन वर्षांनी बदलायला हवा. बोकड तोच राहिला की तो आपल्याच पाटींवर जातो आणि करडं वेतागणिक बारकी होत जातात. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, म्हणून चार-पाच घरांनी मिळून एक चांगला ठेवला तरी चालतं.

गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे

शेळी साधारण १५० दिवस गाभण असते आणि पोटातल्या करडाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते. नेमक्या याच वेळी ती उन्हातान्हात मैलभर चरायला जाते आणि घरी आली की कडबा चघळते. मग करडू दीड किलोचं जन्मतं आणि आईच्या सडात दूध नसतं. या काळात रोज पाव किलो खुराक, म्हणजे भरडलेला मका, पेंड आणि चिमूटभर क्षार मिश्रण, एवढं केलं तर पुढची निम्मी औषधं वाचतात.

मेंढपाळांसाठी हेच दुपटीने खरं. फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीचा बंगालच्या गॅरोल मेंढीशी संकर करून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. तिला जुळी होतात, पण दोन कोकरांची आई एका कोकराच्या चाऱ्यावर जगत नाही.

पहिला तास

गावोगावी एकच चूक दिसते: वार पडल्याशिवाय करडाला पाजायचं नाही. वार पडायला कधी सहा-आठ तास लागतात. तोवर करडाच्या आतड्याची चीक शोषून घेण्याची ताकद कमी होत जाते, आणि आजारांशी लढण्याचं बळ त्याला चिकातूनच मिळतं. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा: दोन किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा मिळून.

जुळ्या-तिळ्यांत धिप्पाड करडू सड पकडून बसतं आणि बारकं मागे राहतं. ते झोपलंय असं वाटतं. त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर ते झोपलेलं नाही, थंडीने मरणाला टेकलेलं आहे. अशा करडाला लगेच दूध पाजू नका, पोट गार असताना ते पचत नाही आणि ठसका लागून दूध फुप्फुसात जाऊ शकतं. आधी पोत्याने खसाखसा पुसा, कुशीत किंवा बल्बखाली ऊब द्या, तोंड गरम झालं आणि ते चोखायला लागलं की आईचा चीक काढून पाजा. नाळ दोन बोटं ठेवून स्वच्छ ब्लेडने कापायची, दोऱ्याने बांधायची, टिंचर आयोडीनमध्ये बुडवायची. हे काम बहुतेक घरांत रात्री-अपरात्री बाईच करते, म्हणून प्रशिक्षणाला तिला बोलवा, नुसत्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरधन्याला नव्हे.

काय दिसतंय आणि काय झालं असेल

पाऊस पडून कोवळं गवत आलं आणि कळपातलं सगळ्यात तुकतुकीत करडू सकाळी पोट फुगून मेलेलं सापडलं, तर लोक साप चावला म्हणतात. बहुतेक वेळा तो आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणारा आजार असतो. लस मे महिन्यात, पावसाआधी द्यायची. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा हवीच. ती चुकली तर पहिली वाया गेली.

ओठांवर खपल्या आहेत, पण करडू ताजंतवानं आहे: तो मावा. हातमोजे घालून मलम लावा, तो माणसाच्या हातालाही लागतो. ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात व्रण आणि त्यासोबत हगवण व खोकला असेल तर पीपीआर समजून लगेच दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. त्याची लस तीन-चार महिन्यांच्या पुढच्या करडांना देतात आणि ती साधारण तीन वर्षं पुरते.

शेळी चांगली खातेय, लेंडीही घट्ट आहे, तरी वाळत चाललीय? हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, हा समज फार महागात पडतो. पोटातला रक्त पिणारा गोलकृमी हगवण लावत नाही. डोळ्याची खालची पापणी उलटून आतला रंग बघा. लालसर असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरी पडली असेल तर आजच औषध. जबड्याखाली मऊ सूज आली असेल तर उशीर झालेला आहे.

औषधातही दोन चुका असतात. वर्षानुवर्षं एकच औषध वापरलं की जंत त्याला जुमानत नाहीत. आणि अंदाजाने कमी पाजलं की नेमके चिवट जंत उरतात. शेळीला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते, ती डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका.

कोवळी किंवा पाण्याचा ताण पडलेली ज्वारी खाऊन शेळी थरथरून कोसळली, तर ती विषबाधा आहे. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

वजन न करता विकणं

घरात दवाखान्याचा किंवा फीचा खर्च निघाला की व्यापारी दारात असतोच. तो कमरेवर हात ठेवतो आणि आकडा बोलतो. तुमच्याकडे काटा नसेल तर शिलाईची टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर साडेचोवीस किलो. हाच आकडा जंताच्या औषधालाही लागतो. उभ्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण पडतं, तेव्हा आपल्या तालुक्यातला मटणाचा भाव माहीत असला की व्यापाऱ्याशी बोलणं वेगळ्या पायावर होतं.

बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, अंगात व्यंग नसलेला बोकड लागतो. शिंग मोडलं की भाव मोडला, म्हणून तयारीचे बोकड वेगळे बांधा. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते. सध्या ती मेच्या सुमारास आहे. जून-जुलैत शेळ्या बोकडाकडून भरवल्या तर करडं नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, पावसातली मर टळते, आणि पुढच्याच्या पुढच्या ईदला तेच बोकड सतरा-अठरा महिन्यांचे, दोन दाती होऊन विकायला उभे राहतात.