प्री-वर्कआउट घेऊनही ताकद वाढत नाही? या चुका टाळा

प्री-वर्कआउटने, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात घालून घ्यायच्या पावडरने, ताकद वाढते का? थोडीफार, आणि त्याचं बहुतेक श्रेय कॅफिनचं. दर किलो वजनामागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफिन व्यायामाआधी साधारण तासभर घेतलं, तर थकवा कमी जाणवतो आणि एखाददुसरा रेप (वजन एकदा उचलणं) जास्त निघतो. बारवर एकदम 20 किलो चढतील ही आशा मात्र सोडा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे संध्याकाळचा स्कूप (पावडरचं एक माप). घेतलेलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी 7 ला 300 मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री 12 वाजता त्यातलं जवळपास 150 अंगात असतंच. झोप मोडते, दुसऱ्या दिवशी सेट (सलग केलेले रेप) जड जातात आणि हात पुन्हा डब्याकडे वळतो. ताकद झोपेतल्या रिकव्हरीवर उभी राहते. तीच घालवून स्कूप घेण्यात काय हशील? उशिरा व्यायाम करणाऱ्यांनी कॅफिन नसलेलं घ्यावं, नाहीतर काहीच घेऊ नये.

डब्याची मागची बाजू वाचा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून सगळ्याचं एकत्रित वजन दिलं असेल, तर कॅफिन किती ते कळतच नाही. असा डबा घेऊ नका. आकडा दिला असेल तर दिवसभराची कॉफीही त्यात धरा. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली जाते. 60 किलोच्या माणसाला सुरुवातीला 180 पुरे, म्हणजे बऱ्याचदा पूर्ण स्कूपपेक्षा कमीच.

चेहऱ्याला मुंग्या आल्या की ‘लागलं’ असं अनेकांना वाटतं. त्या बीटा-अ‍ॅलानिन या पावडरीतल्या घटकामुळे येतात, ताकदीशी त्यांचा संबंध नाही. बीटा-अ‍ॅलानिन रोज, निदान 4 आठवडे घ्यावं लागतं, आणि उपयोग होतो तो लांबलचक सेटना, एका जड रेपला नव्हे. क्रिएटिन या दुसऱ्या घटकाचंही तसंच, तेही रोज घ्यावं लागतं: 3 ते 5 ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

कोरडी पावडर तोंडात टाकू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

असर जाणवेनासा झाला तर स्कूप वाढवू नका. दोन आठवडे बंद ठेवून व्यायामाच्या नोंदींची वही पाहा. वजनं तेव्हाही पुढे सरकत नसतील, तर प्रोग्रॅम, जेवण आणि झोप तपासा.